मावशी लेस बांधत नाहीत

त्या शाळेत अडीच वर्षांचं पोर शिरायचं ते थेट बारावी करूनच बाहेर पडायचं. फाटकावर पाटीच होती, ‘कॉलेजची तयारी पहिल्या दिवसापासून’. बूट सगळ्यांना एकच, काळे, लेसवाले. आणि शिशुवर्गाच्या मावशींचा नियमही एकच: मोठ्या गटात आलं की लेस ज्याची त्यानं बांधायची. रडा, लोळा, मावशी शेजारी बसून शंभरदा दाखवतील, पण हात लावणार नाहीत. बारावीतली मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा मावशी दिसल्या की आधी आपल्या पायांकडे बघायची.

शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांची नात मोठ्या गटात आली आणि पंचाईत झाली. शाळा सुटली तरी ही बाकावर लेसशी झुंजतेय, बाहेर गाडी ताटकळतेय. घरून तक्रार आली. मुख्याध्यापिका बाईंनी मावशींना बोलावलं.

“उद्या अध्यक्ष स्वतः न्यायला येतायत. गुपचूप लेस बांधा, नाहीतर परवापासून येऊ नका.”

घरी लेक काकुळतीला आली. “आई, एवढ्याशा लेसपायी नोकरी घालवतेस? वाक ना जरा!”

“दिवसभर वाकतेच की. फरशी पुसायला वाकते, शेंबूड पुसायला वाकते. ह्याला नाही वाकणार. त्या पोरीला जमत आलंय गं. आत्ता हात घातला तर संपलंच.”

बोलल्या खऱ्या, पण डब्यातले पैसे दोनदा मोजून ठेवले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बाकासमोर उभे. मागे मुख्याध्यापिका, मावशींना डोळ्यांनी खुणावून बेजार. नातीची सुरगाठ होता होता सुटली.

“बांधा हो मावशी, उशीर होतोय.”

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “नाही बांधणार, साहेब. पाटीवर तयारी लिहिलीय ना तुम्ही? मग करू द्या की तिला.”

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. अध्यक्षांचे कान लाल झाले. तोंडावर ‘नाही’ ऐकायची बिचाऱ्यांना सवय कुठली! ते स्वतःच गुडघ्यावर बसले आणि बुटाकडे हात नेला.

नातीनं पाय झटकन मागे ओढला.

“हात नाही लावायचा, आजोबा!” ती खेकसली, अगदी मावशींच्या सुरात. “बाजूला बसा. नुसतं बघा.”

अध्यक्ष निमूट बाकावर बसले. गाठ वाकडीतिकडी पडली, पण पडली.

निघताना त्यांची स्वतःचीच लेस सुटलेली निघाली. मावशींचे हात अजून पाठीमागेच होते. अध्यक्षांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खाली वाकले. ‘परवापासून येऊ नका’ हा विषय मुख्याध्यापिका बाईंनी पुन्हा काढला नाही.