कड्याशिवाय

"कारण सांग. वहीत लिवायचं असतंय."

संडासला जायची परवानगी मागत सुपरवायझरच्या टेबलापुढं मी उभी होते. चाळीस वर्षांची, दोन लेकरांची आई. कारण काय असणार? बाईला महिन्याच्या महिन्याला असतं तेच. मी हळू आवाजात सांगितलं. त्यानं ते वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. पलीकडं लेथवरच्या माणसांनी माना खाली घातल्या. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मग त्यानं कडं पुढं सरकवलं.

सीमाभागातल्या उद्यमबागेतला आमचा कारखाना पंपाचे सुटे भाग बनवतो. ओतताना बिघडलेलं एक लोखंडी कडं, त्यात सुतळी ओवलेली. संडासला जायचं तर ते गळ्यात घालून जायचं. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, तसलं. अकरा बायका, कडं एकच. एक परत आली की दुसरीनं जायचं. पुरुषांना कडं नाही. ऑफिसातल्यांचा संडास वेगळा, त्याला कुलूपकिल्ली. त्या दिवशी कडं छातीवर आपटत मी अख्खी शेड ओलांडली. जाताना आणि येताना. मरण आलं तर बरं, असं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तोंड का उघडलं नाहीस, असं कुणीही विचारेल. वडगावातले आमचे घरचे माग भंगारात गेले. नवरा मिळेल तेव्हा दुसऱ्याच्या मागावर जातो. चूल माझ्यावर. आणि दुसरं कारण सांगायची मला जास्त लाज वाटते. त्या दिवशी माझ्या डोक्यावर टोपी नव्हती. ड्रिल मशीनवर केस झाकणारी टोपी घालायची, असा नियम आहे. मला ती सोसत नसे. उकाड्यात डोकं शिजायचं. जरा कुणाची नजर नसली की मी काढून ठेवायची. त्यानं ते हेरलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सोताच्या डोस्क्यावर टोपी न्हाय, आन् मला नियम शिकवतीस व्हय?"

चोराच्या मनात चांदणं. मी कडं उचललं.

आमच्यातली सगळ्यात जुनी एक आक्का. तिनं उपाय काढला होता. घरातून निघाल्यापासून पाणीच प्यायचं नाही. भट्टीची धग अंगावर घेत आम्ही दिवसभर कोरड्या. आक्काला लघवीची जळजळ लागली, ताप यायला लागला. तरी म्हणायची, "नियम हाय तर हाय गं. आपुन काय हितं राज्य कराय आलोय?"

मीही पाणी सोडलं. पंधरा दिवस. मग एका दुपारी मशीनपुढंच मला अंधारी आली. उचलून गेटजवळच्या बाकावर बसवलं. समोर भिंतीवर कायद्याची पाटी होती. तिच्याखालून मी रोज जायची. कानडीत होती म्हणून कधी मान वर केली नव्हती. शाळेत कानडीची सक्ती, तिची मला भारी चीड. माझे वडील, आप्पा, म्हणायचे, पास होण्यापुरतं शीक. तेवढंच शिकले होते. तेवढ्यावर अक्षर अक्षर लावत मी वाचू लागले. यंत्रावर काम करताना केस झाकावेत, असं होतं. त्याच्या खाली होतं, कामगार कारखान्यात असेल तोवर कोणत्याही वेळी त्याला संडासला जाता आलं पाहिजे. कड्याचं नाव कुठंच नव्हतं.

मला रडू फुटलं. सुपरवायझर माझ्याच बोलीत बोलणारा, आमच्याच भागातला. त्यानं माझी अब्रू काढली ती मराठीत. आणि ज्या भाषेचा मी जन्मभर राग केला, तिनं मला सांगितलं की तू जनावर नाहीस. पण ती टोपीही तिथंच लिहिलेली होती. आपल्याला हवं तेवढंच वाचून उठता येईना.

दुसऱ्या दिवशी टोपी घट्ट बांधली. तांब्याभर पाणी प्यायले. टेबलापुढं जाऊन म्हणाले, "जाऊन येतो. कडं घालणार न्हाय. पाटीवर टोपी हाय, ती घातलीया. कडं पाटीवर न्हाय."

"पाटी गेली खड्ड्यात. हितं मी सांगीन त्यो नियम."

मी गेले. कडं टेबलावरच राहिलं. परत आले तर माझ्या मशीनवर दुसरी बाई. मला ओतकामाची वाळू चाळायला पाठवलं. माझ्यामागं एकही बाई आली नाही. त्याच दुपारी आक्का कडं घालून माझ्यासमोरून गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मला तिचा राग आला नाही. फार एकटं वाटलं.

काल साहेबानं ऑफिसात बोलावलं. माफी लिहून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको. घरी नवरा म्हणतो, लिहून दे, कागदच तर आहे. रात्रभर विचार केला. लेकरांची तोंडं बघितली.

आज सकाळी मी लिहून दिलं. मोडक्यातोडक्या कानडीत. टोपी घातली नव्हती ती माझी चूक, त्याची शिक्षा मला मान्य. कड्याविषयी माझी चूक नाही, नियम असेल तर दाखवा. साहेबानं कागद वाचला आणि मला गेटबाहेर काढलं.

त्या कागदाची दुसरी प्रत माझ्या पिशवीत आहे. सोमवारी कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत जाणार. ते हाकलतील, परत जाईन. सोबत कुणी येणार नाही. मी वाट बघत थांबणारही नाही.