मी फोडलेला सवाल

दिवाळी सरली की आमच्या भंडाऱ्याकडं मंडईच्या जत्रा सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असं महिनाभर चालतं. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लोक शिंगाडे अन् जिलेबी खातात आणि दुपारी आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, खडी गंमत लागते. दोन पार्ट्या, दोन शाहीर. एकानं गाण्यातून सवाल घालायचा, दुसऱ्यानं गाण्यातून जवाब द्यायचा. मधूनमधून लुगडं नेसलेला गडी नाचतो, पण खरे दर्दी त्याच्यासाठी येत नाहीत. ते सवालासाठी येतात.

मी सवालासाठीच जायचो. म्हणजे एका शाहिरासाठी. मोहाडीला तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, आणि मंडईच्या महिन्यात ते दुपारी बंद असायचं. शाहीर जिथं उभा, तिथं मी डाव्या कोपऱ्यात काठीला मोबाईल लावून उभा. बायको म्हणायची, "त्या बुढ्याच्याच घरी राहाले जा ना!" मला राग यायचा. मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं त्यानंच केलं.

शाहीर साठीच्या पुढचा. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं, तेव्हा नव्या वसाहतीत आलेला माणूस. दुसऱ्याचं धान अधेलीनं, अर्ध्या वाट्यावर करायचा आणि वर्षभरात एकच सवाल बांधायचा. एकच! तोच सवाल तो महिनाभर गावोगाव घालायचा. म्हणून आमच्याकडं रीत होती की ज्यानं सवाल ऐकला त्यानं तो त्याच आखरावर सोडून यायचा, पुढच्या गावात तोंड उघडायचं नाही. शेवटच्या मंडईत शाहीर स्वतःच त्याचा जवाब गायचा. आणि मध्येच समोरच्या पार्टीनं उत्तर दिलं, तर सवाल घालणाऱ्यानं डफ जमिनीवर ठेवायचा. मग जवाब गायचा हक्कही गेला. आमच्या शाहिरावर ही वेळ कधी आली नव्हती. "उत्तर देनारा पैदा व्हाचा आहे," असं तो डफ वाजवत म्हणायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारायची.

त्या वर्षीचा सवाल असा होता:

सारं गाव सकाळ-संध्या जिच्यापुढं वाकलं,
गाव उठून गेलं तवा तिलेच मांगं टाकलं,
पुरुषभर पानी डोस्क्यावर, तरी सुकून गेली,
सांग शाहिरा, कोन ते बाई, काय मरनानं मेली?

पहिल्याच मंडईत समोरचा तरणा शाहीर गारद. देवी म्हणाला, नदी म्हणाला, माय म्हणाला. आमच्या शाहिरानं तिन्ही वेळा मान हलवली आणि डफावर अशी थाप दिली की बाया पदरात तोंड घालून हसल्या.

त्याआधी मी माझ्या चॅनलवर त्याची गाणी टाकायचो, सवाल कधी टाकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पाळीवर शाहीर भेटला तेव्हा विचारलं, "टाकू का?" तो म्हणाला, "टाक बाबू. साऱ्या दुनियेले टाक. कोनाच्यान नाही होत." मग मी मागंच लागलो. मला तरी सांगा. तुमच्यासाठी दुकान बंद ठेवतो, उन्हात तासन्तास उभा राहतो, मला तरी कळू द्या. खूप नाटकं केली त्यानं. शेवटी पाळीवर बसला आणि हळू आवाजात अख्खा जवाब गाऊन दाखवला.

उत्तर होतं, विहीर. बुडालेल्या गावातली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी ओढायला सारं गाव तिच्यापुढं वाकायचं. गाव उठलं तेव्हा लोकांनी चौकटी काढून नेल्या, छपरावरचे कवेलू नेले, देव नेले, तिला कोण नेणार? आता तिच्या डोक्यावर धरणाचं एवढं पाणी आहे, पण एक घागर बुडवायला कोणी येत नाही, म्हणून सुकून मेली. जवाबात एकेका घराची बाई पाण्याला यायची. कोणाची बादली गळकी, कोणाची सून नवी, कोण भांडणात दोर तोडून गेली. मी खिशातून मोबाईल काढला तर त्यानं माझा हात दाबला. "हे नको धरू. शेवटची मंडई आमच्या वसाहतीत आहे. तिथं त्या साऱ्या म्हाताऱ्या समोर बसतीन. आपआपलं नाव आइकतीन. वर्षभर त्यायच्यासाठीच बांधून राहिलो होतो. तिथं धरजो, चांगला धरजो."

मी सवालाचा व्हिडिओ टाकला. लोकांनी उचलून धरला. चिखल्याच्या खाणीतल्या पोरांनी फिरवला, पुण्याला कामाला गेलेल्यांनी फिरवला. खाली उत्तरांचा पाऊस, सगळी चुकीची. मला असा आनंद व्हायचा, जसं काही सवाल मीच बांधला होता!

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरदुपारी दुकानात बसलो होतो. एकानं खाली लिहिलं, "शाहिराच्या मांगं मोबाईल घेऊन फिरते, तुले तरी उत्तर येते काय बे?" मी लिहिलं, येते. त्यानं लिहिलं, "येत असतं तर सांगतलं असतं. काठी धरनाऱ्याले कोन सांगन?"

काठी धरणारा! डोकं सणकलं माझं. समोर एक बाई जातीच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन उभी होती, तिला म्हटलं थांबा. आणि लिहिलं: विहीर आहे बे, विहीर! गोसीच्या पाण्यात गेलेल्या गावची! मले स्वतः शाहिरानं सांगतलं!

मग बाईचा फॉर्म भरला. फार हलकं वाटत होतं. फॉर्म भरता भरता लक्षात आलं आपण काय केलं, आणि लिहिलेलं पुसून टाकलं. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. एवढ्यात कोणी पाहिलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. चार दिवस सांगत राहिलो. शाहिराला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं सवाल बदलला असता, नाहीतर आजाराचं निमित्त करून त्या मंडईला गेलाच नसता. चार दिवस होते माझ्याकडं. पण तो माझ्यावर चिडेल, पुन्हा जवळ बसवणार नाही, म्हणून मी गप्प बसलो.

पुढची मंडई मोठ्या गावची. तोच तरणा शाहीर समोर. आमच्या शाहिरानं नवा फेटा बांधला होता. त्यानं पहिली ओळ उचलली, "सारं गाव सकाळ-संध्या," आणि मागच्या पोट्ट्यांमधून आवाज आला, "विहीर!"

तो हसला. त्याला वाटलं, कोणीतरी वात्रट तुक्का मारला. त्यानं दुसरी ओळ घेतली. मग पन्नास जणांनी एकदम, "विहीर! विहीर!" तिसऱ्या ओळीला अख्खं आखर ओरडत होतं. जावई ओरडत होते, पाहुण्या बाया ओरडत होत्या, कडेवरची लेकरं ओरडत होती. सगळ्यांचे मोबाईल वर. तरण्या शाहिराला गावंही लागलं नाही. त्यानं आपला मोबाईल खिशातून काढला, डोळ्यांसमोर धरला आणि मी पुसायच्या आत कोणीतरी घेतलेला स्क्रीनशॉट वाचून दाखवला, माझं वाक्य, माझ्याच शब्दांत: "मले स्वतः शाहिरानं सांगतलं!" लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

शाहिरानं डाव्या कोपऱ्यात पाहिलं. मी तिथंच होतो. मोबाईल काठीवर, काठी हातात, आणि त्याचा चेहरा बरोबर मधोमध आलेला. खाली करता आला असता. नाही केला.

"ठेव डफ! ठेव डफ!" सुरू झालं. त्याला खाली बसायला वेळ लागला, गुडघा धरला होता. डफ ठेवला, वरून हात फिरवला, फेटा काढून बाजूला ठेवला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याची चाल पाहून कोणीतरी पुन्हा "विहीर!" म्हणालं आणि पुन्हा हसू फुटलं. ते सगळं माझ्याकडं आहे.

तो व्हिडिओ मी टाकला नाही, असं लिहायला फार आवडलं असतं. त्याच दिवशी दिवे लागायच्या आत टाकला. बायकोनं पाहिला आणि म्हणाली, "गजब साफ आला. हात नाही थरथरला तुमचा?" माझ्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा तो जास्त चालला. लोक थांबवून सांगायचे, भाऊ, काय धरला तुम्ही! मी हसायचो. हो, हसायचो.

शेवटच्या मंडईला वसाहतीत मी गेलो. म्हाताऱ्या पुढं सतरंजीवर बसल्या होत्या. शाहीर आला नाही. त्यातली एक बाजूवालीला म्हणत होती, "यावर्षी आपल्या गावचं गानं म्हननार होता म्हनत." त्यांच्यासमोर लुगडं नेसलेला गडी नाचून गेला.

त्यानंतर शाहीर कुठंच उभा राहिला नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्या दुकानात आला. म्हातारपणाच्या पगारासाठी हयातीचा दाखला लागतो, जिवंत असल्याचा, यंत्रावर अंगठा द्यावा लागतो. रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर समोर बसला. मी त्याचा अंगठा धरून यंत्रावर ठेवला. येत नव्हता. पुसला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा आला.

मी म्हटलं, "शाहीर, तो जवाब एकदा गा ना. इथंच. मी कुठंच टाकणार नाही, नुसता जपून ठेवतो." माझ्या मोबाईलात त्याचं सगळं आहे, तेवढा जवाब सोडून. मला एक गळकी बादली आठवते आणि एक तुटलेला दोर. कोणाची बादली, कोणाचा दोर, ते आठवत नाही. आणि त्या म्हाताऱ्याही आता एकेक कमी होत आहेत.

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. आयुष्यभर मला बाबू म्हणाला होता, तू म्हणाला होता. उठून हात जोडले.

"तुम्हीच सांगतलं ना साहेब साऱ्यायले," तो म्हणाला. "आता मले काहून विचारता?"

मागचा माणूस म्हणाला, "सरका बाबाजी." तो सरकला. मी पुढचा अंगठा घेतला.