दोन धारांच्या मधली सहल

अण्णा सकाळी कधी फोन करत नाहीत. त्या दिवशी संगमनेरच्या होस्टेलवर त्यांचा फोन आला. "गाया हंबरत्यात… अक्का उठली न्हाई," एवढंच म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. झोपेतच गेली. त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी असं काही लिहायला जमेल का, अजून खात्री नाही.

आत्या लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आली, आणि गोठा तिचा झाला. धारांना अण्णाही तिच्या हाताखाली लागत, म्हणून मी लहान असताना आमच्या सहली सकाळ-संध्याकाळच्या धारांच्या मध्ये बसवलेल्या असत. भंडारदऱ्याला पोचलो न पोचलो की अण्णा घड्याळ बघत, आई चिडे, बहीण रडे, आणि सगळे तोंड फिरवून घरी येत. शेवटी आत्याच म्हणाली, "मुक्कामाला जा की रं. मी हाय धारंला." तेव्हापासून आमच्या सहली हसतखेळत होऊ लागल्या. सहल सुखाची कशी करावी, यावर पुष्कळ वाचायला मिळतं. आमच्या घरी उपाय एकच होता… आत्यानं घरी राहायचं.

भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीत मी हट्टच धरला. अण्णा घरी थांबले. दुपारी जेवून निघालो. आत्या ठेवणीतली साडी नेसून जीपच्या खिडकीशी बसली होती, प्रत्येक डोंगराचं नाव विचारत होती. राजूरच्या अलीकडे अण्णांचा फोन आला. आत्याच्या हाताची सवय असलेली चंद्री गाय दूध सोडत नव्हती. "अक्का, चंद्री पान्हा चोरतीया. कास तटलीया, हात लावू देईना."

"तुला तर गायसुदा भुलत न्हाई रं," आत्या हसली, आणि जीप थांबवायला लावली. मी परत फिरू म्हणालो. "तुमी जा. पानी काय पळून जातंय व्हय? फुडच्या वर्षी बघू." समोरून आलेल्या एसटीला तिनं हात केला. आम्ही पुढे गेलो.

ती गेली त्या दिवशी चंद्रीनं कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आत्याची न धुतलेली साडी आणली आणि अण्णांच्या डोक्यावरून पांघरली. मिशीवाले अण्णा, डोक्यावर पदर… एरवी बहीण हसली असती. चंद्रीनं मान वळवून पदर हुंगला, आणि पान्हा सोडला.

धार काढता काढता अण्णा मान वर न करता म्हणाले, "हे तवाच सुचलं असतं, तर अक्कानं पानी बघितलं असतं…"

ती साडी आता गोठ्यातल्या खुंटीवर असते. आई ती धूत नाही. वास गेला तर चंद्री पुन्हा अडेल, म्हणते. सुटीत कुठे जायचं, हे यंदा कोणीच विचारलेलं नाही.