धुतलेला डबा

"मावशी, हा डबा कचऱ्यात टाका. आणि खिडक्या उघडा. वर्गाचा मासळी बाजार झालाय."

मॅडम मला म्हणाल्या. वीस पोरांसमोर. डबा तन्वीचा. वय वर्षं तीन. तिचा घास अजून तोंडापर्यंत पोचला नव्हता.

मी डबा उचलला आणि कचऱ्यात रिकामा केला.

हे आधीच सांगते. पुढे मी मॅडमबद्दल वाईट बोलणार आहे, पण हात माझे होते.

मी मिरकरवाडा बंदरावरची. चौथीपर्यंत शिकले. जन्मभर मासे विकले. गुडघे गेले तेव्हा डोक्यावरची पाटी सुटली आणि शहरातल्या एका नर्सरीत मावशी म्हणून लागले. शी-शू काढायची, लादी पुसायची, रडणारं पोर वर्गाबाहेर न्यायचं. वर्गात शिरण्याआधी लिंबू चोळून हात धुवायचे, हा नियम फक्त मला. मासे विकायचे सोडून वर्षं झाली होती, तरी मला. मी तो मुकाट्याने पाळला. नोकरीत असंच असतं असं वाटायचं.

डब्यात भात होता आणि तळलेली मुडदुशी. आमच्यात लेकराच्या तोंडी पहिला मासा जातो तो हाच. मऊ, पोटाला हलका. सकाळी होड्या लागल्या की आया लिलावाला पळतात आणि पोरं जाळ्यांच्या ढिगावर आम्हा म्हाताऱ्यांपाशी राहतात. आम्ही भरवत बसत नाही. मासा पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, "काटा शोध." पोर बोटांनी चाचपतं. काटा लागला की ताटाच्या कडेला ठेवतं, मग खातं. आम्ही शेजारी बसून नजर ठेवतो. वेळ लागतो. लागू दे. ज्या पोराने आपला काटा आपण काढला, त्याच्या मागे ताट घेऊन फिरावं लागत नाही.

तन्वी वर्गात तेच करत होती. जीभ बाहेर काढून, मन लावून.

"आईला काही बोलू नका," मॅडम म्हणाल्या. "डबा धुऊन द्या."

दुपारी आई फाटकाशी आली. लिलावातून थेट, पदर खोचलेलाच.

"जेवली काय गो आजी?"

"जेवली."

धुतलेला डबा बघून ती हसली. तन्वीच्या रोजच्या वहीत मॅडमनी 'डबा संपवला' म्हणून चांदणी काढली होती.

आठ दिवस मी "जेवली" म्हणत राहिले. तन्वी काहीच खात नव्हती. भाजी दिलेली असली तरी झाकण दोन्ही हातांनी दाबून बसायची. मासा असला की मॅडमना सांगावंही लागत नव्हतं. मीच डबा उचलायची. इतकी मी तयार झाले होते.

त्याच दिवसांत पुण्याहून एक ताई शिक्षिकांना शिकवायला आल्या. मी चहाचे कप घेऊन मागे उभी. ताई सांगत होत्या, मूल घरून रिकामं येत नाही. आपली बोली, आपलं जेवण, आपली माणसं घेऊन येतं. तिथूनच सुरुवात करा. बळेच भरवू नका, त्याला त्याच्या हाताने खाऊ द्या.

मॅडम सगळं लिहून घेत होत्या. सुंदर अक्षर.

ताईंनी मला बघितलं. "या मावशींना का नाही बसवलं?"

मॅडम हसल्या. "त्यांना काय कळणार? त्या फक्त शी-शू बघतात."

सगळ्या हसल्या. मी कप गोळा केले. जे शिकायला या बायका वह्या घेऊन बसल्या होत्या, ते मी जाळ्यांच्या ढिगावर अर्धं आयुष्य केलं होतं. आणि इथे येऊन स्वतःच्या हाताने मोडत होते.

दुसऱ्या दिवशी तन्वी कोपऱ्यात बसली होती. बोटं नाकाशी नेऊन हुंगत होती. मग फ्रॉकला पुसत होती. परत हुंगत होती. कोणी बघतंय का, ते बघत होती.

तीन वर्षांचं पोर.

मी साठी ओलांडल्यावर लिंबू चोळलेले हात तसेच हुंगत होते. पण मला ते शिकायला म्हातारपण यावं लागलं. हिला आठ दिवस पुरले.

डब्यात परत मुडदुशी होती.

"मावशी, तो डबा," मॅडम म्हणाल्या.

मी उचलला नाही. लादीवर बसले. माझे गुडघे वाकत नाहीत, बसायला वेळ लागला. सगळा वर्ग बघत राहिला.

"बाय, काटा शोध," मी म्हटलं.

तन्वीने आधी मॅडमकडे बघितलं. मग झाकण लावलं.

"बघा, तिलाच नकोय," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही शिकवलंत तिला. मी हाताखाली होते."

"उद्यापासून येऊ नका."

"येत नाही. पण आज तिच्या आईशी बोलूनच जाणार."

फाटकात आईला सगळं सांगितलं. डबा कोणी टाकायला लावला, कोणी टाकला, किती दिवस मी खोटं बोलले. वाटलं होतं, चिडेल. दोन शिव्या मला देईल, चार मॅडमना.

ती खाली बघत होती. म्हणाली, "माझीच चूक गो. उद्यापासून पोळी-भाजी देते. तू कोणाला बोलू नको हां. पोरीला काढतील."

मॅडमच्या बोलण्याने मी इतकी कधी जळले नव्हते.

तन्वी अजून त्याच वर्गात आहे. पोळी-भाजी नेते. खाते की नाही, मला ठाऊक नाही. वहीत चांदणी असणारच.

मी आता पहाटे लिलावाला जाते. विकायला नाही. टोपल्यांमागे जिच्या कडेवर पोर दिसेल, तिला गाठते. सांगते, नर्सरीत घालायच्या आधी विचार, पोर आमचं खाणं खाऊ शकेल का, आमच्यासारखं बोलू शकेल का. तोंडावर विचार. आणि "जेवली" म्हणून कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको, आत जाऊन बघ. आत सोडत नसतील तर पोर घेऊन परत फिर.

"म्हातारीला कामावरून काढली म्हणून बोलते," असं काही जणी म्हणतात. तन्वीची आई मला बघून वाट बदलते.

बदलू दे. मी गप्प बसणार नाही.