तक्रारींचा रकाना

सव्वीस वर्षं मी या कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करतेय. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. यांचे अहवाल बडवता बडवता बोटं झिजली माझी. खोटं तर रोजच टाइप करते, त्याचं आता काही वाटत नाही. पण स्वतःची शिसारी यावी असं काम एकदाच झालं, आणि ते नेमकं केमिस्ट्रीच्या बाईंच्या बाबतीत.

बाई पहिल्या वर्षाला शिकवतात. बारीक अंगाच्या, भरभर चालणाऱ्या, बाहीला कायम खडू लागलेला. अकरा वर्षं कंत्राटावर आहेत. दर वर्षी सुट्टीत पुढच्या वर्षाचं पत्र येतंय की नाही, म्हणून जीव टांगणीला. घरी फक्त वडील. छापखान्यात बाइंडर होते, आता डोळ्यांनी अधू झालेत. "तू एकदा कायम झालीस की मी सुटलो," हे त्यांचं रोजचं पालुपद. गेल्या वर्षी बाईंना कायम करायचं की नाही, ते गुणवत्तेच्या अहवालावरून ठरणार होतं.

आता बाईंची पद्धत ऐका. तास संपायला पाच मिनिटं उरली की प्रत्येकाच्या हातात एक कोरा चिटोरा द्यायचा. "आज काय डोक्यात शिरलं नाही, ते एका ओळीत लिहा. नाव नको." पोरं त्यांना चिठ्ठीबाईच म्हणतात. मग स्टाफरूमच्या खिडकीशी बसून बाई त्या चिठ्ठ्या लावणार, एका अडचणीचा एक गठ्ठा. जो गठ्ठा सगळ्यात जाड, तिथून उद्याचा तास सुरू. वर्ष संपलं की मागच्या वर्षीशी ताडून बघणार.

मोल नावाचं एक माप असतं म्हणे केमिस्ट्रीत, वजनावरून कणांची संख्या काढायची. एका वर्षी साठातल्या एक्केचाळीस पोरांनी तेच लिहिलं, कळलं नाही. पुढच्या वर्षी बाईंनी त्याच्यावर नाटुकलं बसवलं. पोरं खो खो हसली आणि चिठ्ठ्या आल्या सत्तेचाळीस! "ताई, सपशेल तोंडावर आपटले," असं मला स्वतःच सांगून हसल्या. नाटुकलं बंद. तिसऱ्या वर्षी शर्टाची बटणं आणि तराजू घेऊन वर्गात गेल्या. दहा बटणांचं वजन करा, आता या पिशवीत बटणं किती ते न मोजता सांगा. चिठ्ठ्या एकोणीस. मग दोन आकारांची बटणं आणली. नऊ. गेल्या वर्षी फक्त चार. शाळेत विज्ञानात गटांगळ्या खाल्लेली बाई मी, मलासुद्धा त्या बटणांनी कळलं हो!

अशात आमचे भूगोलाचे सर कुठलंसं तीन दिवसांचं शिबिर करून आले, ते गुणवत्ता समितीचे प्रमुख होऊनच. फाटकावर हा एवढा फलक लागला, 'निरंतर गुणवत्ता सुधारणा'. स्वतःचा तास घंटेला कधी सुरू केला नाही या माणसानं! त्यांनी एक तक्ता आखला. शिक्षकाचं नाव, गेल्या वर्षीच्या तक्रारी, यंदाच्या तक्रारी, घट. बस्स. आणि म्हणाले, "ताई, सगळ्यांकडून आकडे गोळा करा."

आमच्याकडे एक वहीवाले सर आहेत. बावीस वर्षं एकच पिवळी पडलेली वही, आणि तीच उतरवून देतात, स्वल्पविरामासकट. कोणी शंका काढली की, "पुढे येईल, बस खाली." पुढे काही येत नाही. वर्गात सगळ्यांची हाताची घडी, तोंडावर बोट. त्यांच्या तक्रारी गेल्या वर्षी शून्य, यंदा शून्य.

मग बाईंकडे गेले. चिठ्ठ्या मागितल्या तर त्यांचा चेहरा असा उजळला! खोकीच काढून दिली. "न्या ताई, सगळ्या न्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बघायला मागितल्या." मी कोऱ्या वगळून मोजल्या. गेल्या वर्षीच्या दोन हजार दोनशे नव्वद, यंदाच्या दोन हजार तीनशे सोळा. यंदाच्या वर्गात बारा पोरं जास्त होती, मग थोड्या चिठ्ठ्या वाढणारच, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

मी भूगोलाच्या सरांना विचारलं, "या कुठल्या रकान्यात घालू?"

"तक्रारींच्या."

"अहो, पण या बाईंनीच मागून घेतल्यात."

"'कळलं नाही' ही तक्रार नाही तर काय कौतुक आहे? रकाने तुम्ही आखलेत की मी?"

नोकरी आहे बाबा. दोन हजार तीनशे सोळा, टाइप केलं. माझ्याच या बोटांनी.

बैठकीत टिपण घ्यायला मीच होते. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि भूगोलाचे सर बिस्किटं खात बसलेले. बाई समोर. अध्यक्षांनी तक्ता वर धरला आणि म्हणाले, "बाई, अख्ख्या कॉलेजात मिळून इतक्या तक्रारी नाहीत हो!"

"साहेब, तक्रारी नाहीत त्या. मी विचारलं म्हणून मुलांनी सांगितलं."

"मग विचारता कशाला?"

बाई म्हणाल्या, "कुठं दुखतंय हे विचारल्याशिवाय डॉक्टर औषध देईल का, साहेब?"

"इथं कोणी आजारी नाही," प्राचार्य म्हणाले, आणि तिघंही हसले. शी! त्या हसण्याची मला अजून किळस येते. बटणांचं सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तर भूगोलाचे सर म्हणाले, त्याला तक्त्यात जागा नाही.

निर्णय झाला. बाईंना एक वर्ष मुदत. रकाना शून्यावर आला तर कायम, नाहीतर पुढचं पत्र नाही. "चिठ्ठ्या बंद केल्यात की आपोआप सुधारणा दिसेल," असं अध्यक्षांनी मोठ्या मायेनं समजावलं. वहीवाल्या सरांना प्रशस्तिपत्र. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? आणि प्रशस्तिपत्रही मीच टाइप केलं.

बाईंनी चिठ्ठ्या बंद केल्या. वडिलांच्या तोंडाकडे बघून केल्या असतील, मी विचारलं नाही. आता घंटा होईपर्यंत शिकवतात आणि खाली मान घालून वर्गाबाहेर पडतात. स्टाफरूमच्या खिडकीशी बसत नाहीत, बटणांची पिशवीही वर्गात नेत नाहीत.

परवा दुपारी ऑफिसच्या खिडकीशी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? मला मोल कळलेला नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना नाही कळला. मॅडमना जाऊन विचारलं, तर ती तक्रार धरतात का?"

"तुला कोणी सांगितलं हे?"

"सगळ्यांना माहितीय. आम्ही वर्गात ठरवलंय, कोणी काही विचारायचं नाही. मॅडमची नोकरी जायला नको. पण परीक्षा जवळ आलीय, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

माझ्या मागं भूगोलाचे सर उभे होते, तक्त्याच्या नव्या प्रतीची वाट बघत. बाईंच्या नावापुढं आठ महिने शून्य होतं. अजून चार महिने काढायचे होते.

"नको विचारूस गं," मी म्हणाले. "एवढं वर्ष जाऊ दे."

ती "बरं काकू" म्हणाली आणि शहाण्या मुलीसारखी वर्गाकडे गेली.