नळाच्या पाण्याचं खापर

आमच्या नणंदबाईंना गल्लीत सगळे शेवाळबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ज्यानं कुणी ठेवलं त्याला एकदा घरी बोलावून चहा पाजायची माझी फार इच्छा आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नवऱ्याची थोरली बहीण आहे, शिकलेली आहे, चार गोष्टी कळतील. पहिल्याच दिवशी फ्रीज उघडला, तर दुधाच्या शेजारी चिखल! बाटल्यांत भरलेला, वर चिठ्ठ्या लावलेला चिखल. मी किंचाळले तर ही म्हणते कशी, "ओरडू नकोस, हात लावू नकोस." तेव्हापासून आमचं संभाषण साधारण त्याच पातळीवर राहिलं.

तो चिखल म्हणे ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाचा. जहाजावरचे लोक लांब नळी खुपसून तो वर काढतात आणि तो हिच्याकडे येतो. ही स्वतः कधी गेली नाही. हिला तळ्यातल्या होडीतसुद्धा मळमळतं. त्या चिखलात शेवाळ असतं, डोळ्यांना न दिसणारं. हे शेवाळ स्वतःभोवती काचेचं कवच करतं, प्रत्येक जातीच्या कवचावरच्या रेघा वेगळ्या, आणि ते मेलं की कवच तळाशी जाऊन बसतं. काही जाती बर्फाच्या पोटाला चिकटून जगतात, काही मोकळ्या पाण्यात. कुठल्या थरात कुणाची कवचं जास्त, ते मोजलं की तेव्हा बर्फ किती होता, समुद्र किती तापला होता, आणि पुढे आपल्या पोराबाळांसमोर काय वाढून ठेवलंय, याचा अंदाज येतो. हे मला माझ्या लेकीनं समजावलं. हिनं नाही. माझ्याशी ही बोलते ती फक्त काहीतरी बिघडलं की.

कप फुटला, मी फोडला. दूध नासलं, मी झाकण उघडं टाकलं. एकदा चष्मा हरवला म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं, "तूच आवरताना कुठेतरी टाकलास," आणि चष्मा हिच्याच कपाळावर. आमचे हे अशा वेळी मूग गिळून बसतात. बहीण थोरली ना! आणि घरातली मागची खोली, एकुलती एक शांत खोली, हिच्या सूक्ष्मदर्शकाला. माझी लेक परीक्षेचा अभ्यास करते कुकरच्या शिट्या ऐकत, भाजीच्या देठांशेजारी वही उघडून.

म्हणून सांगते, त्या वर्षी जेव्हा हिला गोड्या पाण्यातलं शेवाळ सापडलं, तेव्हा हिच्यापेक्षा मला जास्त आनंद झाला होता. खाऱ्या समुद्राच्या तळाशी, एका पातळशा थरात, नदीतळ्यात राहणाऱ्या शेवाळाची कवचं! म्हणजे कधीकाळी बर्फ इतक्या झपाट्यानं वितळला की समुद्रावर गोड्या पाण्याचा थर पसरला, असा अर्थ निघत होता. हिच्या संस्थेचे साहेब तर हरखूनच गेले. वर्षानुवर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर घासत असलेल्या बाईला पक्की जागा मिळणार होती, आणि पक्क्या जागेबरोबर संस्थेच्या आवारात घर. घर! मी मागच्या खोलीत जाऊन लेकीचं टेबल कुठल्या भिंतीला लावायचं तेसुद्धा ठरवून आले.

आणि एका संध्याकाळी ही बाटली हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी.

"तू माझ्या बाटल्या नळाखाली धुतल्यास?"

"मी कशाला धुऊ? मला माझी भांडी कमी आहेत का?"

"खरं सांग."

"ताई, लेकीची शपथ. तुमच्या चिखलाला मी चिमट्यानंसुद्धा हात लावत नाही."

तिनं नळाचं पाणी बाटलीत धरलं आणि खोलीत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"आपल्या नळात तेच शेवाळ आहे. तीच जात, त्याच रेघा."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं आपण हे पितोय?"

"त्यानं काही होत नाही," ती खेकसली. "पण माझ्या थरात ते आलं कसं? सांग ना, आलं कसं?"

मग मात्र माझाही तोल गेला. संस्थेत रंगकाम निघालं म्हणून हिनं तो चिखल धुवायचं काम घरी आणलं होतं, माझ्या ओट्यावर पसारा मांडला होता, आणि आता चोर मी? मी सगळं काढलं, खोलीपासून फ्रीजपर्यंत. बोलता बोलता लक्षात आलं, ही ऐकतच नाहीये. नळाकडे बघत उभी आहे.

"शुद्ध पाण्याचा कॅन संपला होता," ती म्हणाली. "त्या दिवशीही तू खोलीवरून असंच बोलत होतीस. चिखल धुवायच्या पाण्याची बाटली मी रागाच्या भरात नळाखाली धरली. भरली. त्याच पाण्यानं हा थर धुतला."

रात्रीच तिनं साहेबांना फोन करून सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः घरी आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते हिला समजावत होते, अगदी गोड आवाजात. "हे बघा, घरातल्या कुणी चुकून बाटल्या धुतल्या असतील, तर तो अपघात. उरलेला गाळ पुन्हा धुऊ, तुमची नेमणूक आहे तशी होईल. पण तुम्ही स्वतःच नळाचं पाणी वापरलंत, तर पक्क्या जागेसाठी तुमचं नाव मी कुठल्या तोंडानं पुढे करू?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं फुकट खापर फोडून घेतलं, आता एक कामाचं फुटत होतं. मी ट्रे खाली ठेवला.

"हो साहेब, मीच त्या..."

"गप्प बस!" ही कडाडली. "हिनं हात लावलेला नाही. तो थर मी धुतला. माझ्या हातानं."

साहेब चहा तसाच टाकून गेले. जागा हिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला मिळाली, आणि आवारातलं घरही.

दार बंद झाल्याबरोबर मी तिला धरली. "जन्मभर माझ्यावर ढकललंत. न फोडलेले कप, न हरवलेले चष्मे. आज माझ्या लेकीचं भलं होत होतं, तुमचंही होत होतं, मी स्वतः मान पुढे केली होती. आजच तुम्हाला न्याय सुचला?"

"तेव्हा मला वाटायचं की तू केलंस," ती म्हणाली. "आज मला माहीत होतं की तू केलं नाहीस."

एवढं बोलून ती मागच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. या घरात पहिल्यांदाच कुणी माझी बाजू घेतली होती, आणि मला तिचा गळा धरावासा वाटत होता.