सुखदेवभाऊंची बैठक

आगीच्या किंवा अपघाताच्या वर्दीवरून परत आलो की सुखदेवभाऊ निंबार्ते कुणालाही लगेच घरी जाऊ देत नसत. पाइप धुणं, टाकी भरणं, बूट काढणं सगळं नंतर. आधी गाडीच्या सावलीत जमिनीवर गोल करून बसायचं आणि ज्यानं जे पाहिलं ते त्यानं सांगायचं. "आग विझली, ते मले मालूम आहे," ते म्हणत. "तुम्ही विझले का ते सांगा." कुणी हसण्यावारी नेलं तरी ते रागावत नसत. त्याच्याकडे बघत बसून राहत, तो बोलेपर्यंत.

भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान शहरातलं आमचं अग्निशमन केंद्र. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्याचा एक बंब, एक जुनी जीप आणि पाळीला पाच माणसं. आग रोज लागत नाही. पण नदीत बुडालेला, विहिरीत पडलेला, ट्रकखाली आलेला, सगळे आमच्याच वाट्याला. सुखदेवभाऊ आमच्या पाळीचे प्रमुख. पवनी तालुक्यातल्या आसगावचे, घरची धानाची शेती, आणि दिवाळीनंतर गावच्या दंडारीत, रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, काम करायला दरवर्षी हट्टानं रजा घेणारे. दंडारीत कमावलेला त्यांचा आवाज धुरातही ऐकू येई. आत शिरलेला माणूस त्या आवाजाच्या दिशेनं बाहेर येई.

माझी पहिली वर्दी विहिरीतली होती. एका म्हातारीला मी दोरानं वर घेतलं. चार दिवस ती पाण्यात होती. बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, काही नाही, ठीक आहे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ सायकलवरून घरी आले, माझ्या बायकोला दोन ताटं वाढायला सांगितली आणि माझ्यासमोर बसले. "मी काही डॉक्टर नाई विलास," ते म्हणाले, "पण मले कान आहेत." मी सगळं सांगितलं. म्हातारीच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांपर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग भाताचा घास घेतला, मीही घेतला.

बैठकीचा त्यांचा एकच नियम होता: इथं बोललेलं इथंच राहील. आमच्यातला एक जण आगीला भितो, एकाला बायकोवर हात उगारल्याची लाज वाटते, एक जण दारू पितो, हे सगळं आम्हा पाच जणांना ठाऊक होतं आणि सहाव्याला कधीच कळलं नाही.

मग ती मे महिन्यातली सकाळ आली. शहराबाहेरच्या वस्तीत तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला आग लागली आणि शेजारच्या घराच्या छपरानं पेट घेतला. आईबाप विड्यांचा तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात गेले होते. घरात दोन बहिणी, एक सात वर्षांची, एक चार. बाहेरून कडी घातलेली. आम्ही वेळेत पोचलो होतो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण पंपानं दाब धरला नाही. पाणी पाइपातून नुसतं ठिबकत राहिलं. पंप दुरुस्त करायची नोंद सुखदेवभाऊंनी दोन वेळा रजिस्टरात केली होती. त्यांनी ओलं पोतं डोक्यावर घेतलं, कडी काढली आणि आत गेले. दोघींना दोन खांद्यांवर घेऊन बाहेर आले तेव्हा धुरानं मुलींचा जीव गेलेला होता. थोड्या वेळानं आई आली. पानांचा भारा अजून तिच्या डोक्यावरच होता.

त्या दिवशीही बैठक झाली. चौघे बोललो, रडलो. सुखदेवभाऊ पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपाबद्दलचं सगळं लिहून वरच्या कार्यालयात दिलं. चौकशी लागली.

पुढच्या काही आठवड्यांत ते बदलत गेले. सरावाला पाइप दुसऱ्याच्या हाती देऊ लागले. पंप सुरू झाला की बाजूला जाऊन उभे राहत. एकदा दुपारी आम्ही दोघंच असताना ते म्हणाले, "पंप चालू झाला का मले कडी वाजल्यासारखी वाटते रे. आतून. लहान हातानं." मग जरा थांबून म्हणाले, "हे तुह्याजवळच राहू दे." मी मान हलवली.

पण मला भीती वाटू लागली होती. ते जेवत नव्हते. आमच्या केंद्राचे साहेब एक दिवस मला बोलावून, दार लावून, फार मायेनं विचारू लागले. निंबार्तेंचं काय चाललंय, मला काळजी वाटते, जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या आजाराचे चांगले डॉक्टर आहेत, मी स्वतः पाठवतो. मला वाटलं, देव पावला. मी कडीचं सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टरांना नीट कळावं म्हणून लिहून दे. मी एक पान लिहून दिलं, खाली सही केली.

पंपाच्या दुरुस्तीला मंजुरी देणं साहेबांचंच काम होतं; चौकशीच्या दिवशी त्यांनी ते पान काढलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ज्या माणसाला कड्या वाजल्याचे भास होतात त्याच्या तक्रारीवर किती विश्वास ठेवायचा, एवढंच त्यांनी विचारलं. रजिस्टर टेबलावर पडलं होतं, ते कुणी उघडलंही नाही. सुखदेवभाऊ माझ्यासमोरच्या खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पानावरचं अक्षर त्यांनी तिथूनच ओळखलं होतं.

डॉक्टरांकडे त्यांना कुणी पाठवलं नाही. पाणीपुरवठा विभागात त्यांची बदली झाली, नळांच्या तक्रारी लिहून घ्यायला. वर्षभरात ते नोकरी सोडून आसगावला गेले. पंपाची चूक कुणाचीच ठरली नाही.

साहेबांनी मला फसवलं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं नाही. पण सही माझी होती. आणि केंद्रात त्यानंतर बैठक झालीच नाही. मी एकदा सगळ्यांना बसवून पाहिलं. तिघे बसले, माझ्याकडे बघत राहिले, आणि एकानं शांतपणे म्हटलं, "काय बोलाव विलासभाऊ, मंग तुम्ही लिहून द्यान." मग सगळे उठून पाइप धुवायला गेले.

मागच्या पावसाळ्यात मी आसगावला गेलो. धानाची रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. सुखदेवभाऊ बांधावर उभे होते, केस पांढरे झालेले, अंग उतरलेलं. मला पाहून त्यांनी पाय धुतले, घरी नेलं, चहा टाकायला सांगितला. धानाचं, तलावाच्या पाण्याचं बोलत राहिले. मी हात जोडून म्हणालो, भाऊ, मी तुमच्या भल्यासाठी केलं होतं.

"मालूम आहे," ते म्हणाले. "तू लबाड नाईस. म्हणून तर जास्त लागलं."

 मी खरं तर नुसत्या माफीसाठी गेलो नव्हतो. आठवडाभरापूर्वी आम्ही नदीतून एका शाळकरी मुलीला काढलं होतं. तिच्या दप्तराचा पट्टा माझ्या हातात आला होता आणि तेव्हापासून मला धड झोप नव्हती. सांगायला माझ्याजवळ दुसरं माणूस नव्हतं. मी सुरुवात केली, म्हणालो, भाऊ, मागच्या सोमवारी नदीवर एक वर्दी आली होती.

त्यांनी हात वर केला. आवाजात राग नव्हता, जुनी मायाही नव्हती.

"मले नोको सांगू विलास," ते म्हणाले. "मले आता आयकनं होत नाई."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. मग ते रोवणीवर परत गेले आणि मी मोटारसायकल काढली.